हप्त्यातून परत आलेले दीडशे रुपये

२७ सप्टें. ९६, शुक्र.

गाडी परवा घरी आली. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. दाजींना नाही, मला.

दुधी रंग. गिअर स्टिअरिंगला. डाव्या मागच्या दाराची काच तळव्याने दाबून वर सरकवावी लागते. सांगलीच्या लिमये सरांची. विश्रामबागेत राहतात, निवृत्त ड्रॉइंग टीचर. सात वर्षांत गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही म्हणे. दाजींनी फौजेतून निवृत्त झाल्यावर आलेल्या रकमेतून घेतली. अक्का म्हणाली, "सोळा वर्सं मानूस बर्फात बसलं, आता खुर्चीवर बसून फिरू द्या."

विक्रीची पावती मी लिहिली. तीन प्रती, तिन्ही हाताने. कार्बनवर माझा विश्वास नाही. सरांनी एक घेतली, चष्मा वर करून पाहिली. "शिकलास किती?" "नववी. वडील गेले, मग सुटली." "अक्षर बी. ए.चं आहे."

नाव बदलायचे फॉर्मही सरांनी सह्या करून दिलेत. दाजींना म्हणालो, आजच साताऱ्याला आरटीओत देऊन येतो.

"आज पुनव, उद्यापास्नं पितरपाट. माज्या नावावर जिंदगीत पयली गाडी चढनार, ती पितरपाटात चढवू व्हय? दसऱ्याला कागदाची पूजा करू, दुसऱ्या दिवशी तू जा. गाडी काय पळून जातीया?"

इन्शुरन्सचा कागद फक्त मी वाचला. ३० तारखेला मुदत संपते.


२८ सप्टें., शनि.

साताऱ्यात दिवसभर नंबर प्लेटा. नऊ झाल्या. दसरा जवळ आला की उस्तादांच्या पेंटिंगच्या दुकानात, जिथे मी कामाला आहे, पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या गॅरेजवाल्याने पाटी दुसऱ्याकडून करून घेतली. 'ऑटोमोबाईल्स' मावले नाही, शेवटचे अक्षर पत्र्याच्या कडेवर दुमडलेय. उस्ताद हसून हसून खोकले. मग माझ्याकडे वळून: "तू हसू नको. तू एक पाटी तीनदा मोजतोस, तोवर गिऱ्हाईक म्हातारं होतं."

दहावीचा १७ नंबरचा फॉर्म. विलंब शुल्कासह ५ ऑक्टो.पर्यंत. बाहेरून बसायचे. दोन वर्षे म्हणतोय. दाजींकडे मागणार नाही. त्यांच्याच घरात राहतो, त्यांचेच जेवतो.

संध्याकाळी दाजींनी एसटीडीवरून सांगलीला सरांच्या इन्शुरन्स एजंटला फोन केला. मेव्हणा येतोय म्हणून. मी बूथच्या बाहेर. बराच वेळ बोलले.


३० सप्टें., सोम.

रहिमतपूरहून सकाळची पॅसेंजर. सांगली. एजंट पोतदार. विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसतात. टेबलाच्या काचेखाली देवांचे फोटो आणि कोऱ्या कव्हर नोटा.

त्यांनी समजावले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

"दाजींच्या नावावर काढली तर नो क्लेम जाणार. सात वर्षांत सरांनी एकदाही नुकसानभरपाई मागितली नाही, त्याची सूट सरांना. गाडीला नाही. माणसाला. कळलं?"

"मग?"

"मग सरांच्याच नावावर रिन्यू करू. नाही तरी आरटीओत आज नाव सरांचंच आहे. खोटं काय आहे त्यात? तुमचे सव्वापाचशे वाचले."

१९४० होत होते, ते १४१५ झाले. पावती घेतली. उठलो तर म्हणाले, थांबा. काचेखालून दीडशे रुपये काढून माझ्या वहीत ठेवले.

"हे आमच्या कमिशनमधले. सगळेच एजंट देतात. न देणाऱ्याकडे कोण येतंय? फक्त दाजींपाशी विषय काढायचा नाही. हे तुझे."

मी नको म्हणालो नाही. हे मुद्दाम लिहितो.

परतीच्या गाडीत बसायला जागा होती, तरी उभाच होतो.


१ ऑक्टो., मंगळ.

दाजींना १४१५ची पावती दाखवली, त्यांनी दिलेल्या सोळाशेंतले उरलेले १८५ दिले. "पोतदार काय म्हनला?" म्हणून विचारले. म्हणालो, सूट मिळाली सरांच्या नावावर. "शाब्बास. तू हाईस म्हनून कागदं जाग्यावर हाईत." जेवण गेले नाही.

वहीत दीडशे तसेच.

पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरे डिक्शनरी घेऊन वाचली. इंग्रजी अक्षरे रोज रंगवतो, पण अर्थाला वेळ लागतो. एका वाक्याला अर्धा तास. गाडी दुसऱ्याला दिली तर चौदा दिवसांत कंपनीला लेखी कळवावे, म्हणजे पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर होते. न कळवले तर काय ते त्याच्या खाली आहे. समोरच्याचे नुकसान झाले तर कंपनी देईल. स्वतःच्या गाडीचे झाले तर काही नाही.

दोनदा वाचले. तोच अर्थ.

पण गाडी 'दिली' कधी? २५ सप्टें.ला, की आरटीओत नाव बदलेल तेव्हा? माझ्या पावतीवर २५ आहे. तीन प्रतींवर.


२ ऑक्टो., बुध.

सुट्टी. कंपनीच्या सांगली ऑफिसला पत्र लिहिले. सदर गाडी दि. २५/९/९६ रोजी श्री. तानाजी यांस विकली असून, पॉलिसी त्यांचे नावे करावी, होणारा फरक भरण्यास तयार आहोत. एक कच्चे, एक पक्के. खाली दाजींच्या सहीला जागा सोडली. सही उद्या घेऊ. पोस्टही बंद.


३ ऑक्टो., गुरु.

सकाळी दाजी रानात. सहीविना पाकीट खिशात घातले, पाठवणारा म्हणून माझे नाव लिहून रजिस्टर करू म्हटले. साताऱ्यात पोस्टाच्या रांगेत तिसरा होतो. तेवढ्यात डोक्यात आले. पत्र गेले की कंपनी सूट मागणार. पोतदार आपले दीडशे मागणार. दाजी म्हणणार, कुठले दीडशे?

दोघे पुढचे झाले. खिडकीतला म्हणाला, "बोला." मी म्हणालो, "पंधरा पैशांचं एक कार्ड."

तिथून शाळेत. १७ नंबरचा फॉर्म भरला. १४० गेले. उरलेल्या दहाची पट्टी आणि दोन पेनं.

कार्ड कोरेच आहे.


८ ऑक्टो., मंगळ.

उद्या चौदावा दिवस. २५ धरून मोजले तर आजच संपतात. न धरता मोजले तर उद्या. पोतदारांना फोन केला. "अहो विलासराव, चौदा दिवस कोणी मोजत नाही. तुम्ही एकटे." लाइनीत खरखर, ते हसत होते. रु. ११ फोनला.


९ ऑक्टो., बुध.

काही केले नाही.

गाडीच्या नंबरातला ८ खालून जाड होता. कोणी रंगवला कोण जाणे. तो सुधारला. दाजी ओट्यावरून बघत होते. "काय पावनं, आता तरी मनाजोगता झाला का आठ?"


१३ ऑक्टो., रवि.

घट बसले. पितरपाट संपला. म्हणालो, दाजी, उद्या सोमवार आहे, देऊन येतो कागद.

"आता कशाला गडबड? दसरा तोंडावर आलाय. जिभंवर शब्द ठेवलाय एकदा, दसऱ्याला म्हंजे दसऱ्याला."

अक्का: "आवं, त्यो म्हनतोय तर जाऊ द्या की त्येला."

"तुजा भाऊ दारात साप बगितला तर आदी त्येची लांबी मोजंल."

सगळे हसले. मीही हसलो. हट्ट धरायला पाहिजे होता. हट्ट धरायचा तर कारण सांगायला लागले असते.


१८ ऑक्टो., शुक्र.

काल संध्याकाळी दाजींनी गाडी घातली.

अक्काला घेऊन कोरेगावहून येत होते. बैल आडवा आला, त्याला वाचवताना ओढ्याच्या मोरीच्या कठड्यावर. बैलाला खरचटलेही नाही, मालक हाकत घेऊन गेला. दाजींचे डावे मनगट मोडले. अक्काच्या कपाळाला चार टाके. देवाची कृपा म्हणतात सगळे. आहेच.

गाडीचे तोंड आत गेलेय. रेडिएटर, बॉनेट, एक मडगार्ड, पुढची काच. नंबर प्लेट तेवढी शाबूत.

दाजी पडल्या पडल्या म्हणाले, "इन्शुरन्स हाय न्हवं? मग कशाला तोंड पाडून बसलायस?"

बाहेर येऊन हातपंपावर तोंड धुतले. पुन्हा पुन्हा.


१९ ऑक्टो., शनि.

गॅरेजचे एस्टिमेट १३,२००. पोतदारांना फोन. या वेळी हसले नाहीत.

"क्लेम सरांच्या नावावर करायचा. पॉलिसी सरांची, आरसी बुक सरांचं. सरांनी गाडी ओळखीच्या माणसाला वापरायला दिली होती, बस. विकल्याचा कागद काय आहे?"

"पावती आहे."

"कोणी लिहिली?"

"मी."

"किती प्रती?"

"तीन."

मग: "एवढं टापटीप कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"


दसरा

दुकानात ब्रश, पट्ट्या, डबे मांडून पूजा. उस्ताद मुसलमान, पण ब्रशांना हार स्वतः घालतात, दर वर्षी. घरी दाजींनी एका हाताने नारळ वाढवला, आरटीओच्या कागदांवर फूल ठेवले. ठरल्याप्रमाणे. गाडी गॅरेजात. दारात तिची चाकोरी तेवढी दिसते, झेंडू तिथेच टाकले अक्काने.

उद्या कागद देऊ नका म्हणाले पोतदार. क्लेम होईपर्यंत नाव सरांचेच राहू दे.

म्हणजे आता मी थांबवायचे.


२३ ऑक्टो., बुध.

कंपनीच्या सांगली ऑफिसात गेलो. गाडीचा नंबर न सांगता, असेच, एका ओळखीच्याची गोष्ट म्हणून विचारले. खिडकीतल्या बाई डबा खात होत्या. डबा बाजूला ठेवून नीट सांगितले, हे विशेष.

"विकली आणि कळवलं नाही? मग गाडीचं नुकसान मिळायला कठीण. ज्यांची पॉलिसी त्यांची गाडी नाही, ज्यांची गाडी त्यांची पॉलिसी नाही."

"आणि कळवलं असतं तर?"

"तर काय, सूट परत भरायची, वर किरकोळ फी. एका दिवसाचं काम."

सव्वापाचशे आणि किरकोळ. एका बाजूला तेवढे. दुसऱ्या बाजूला १३,२००, दाजींचे मनगट, आणि पाकीट, जे अजून ट्रंकेत आहे. स्वस्तात पडली म्हणून आपण महिनाभर खूश होतो. मी तर खूशही नव्हतो.

निघताना बाई म्हणाल्या, "तुमच्या ओळखीच्यांना सांगा, एजंट परत देतो ते बघू नका, कागदावर नाव कोणाचं आहे ते बघा."

हो म्हणालो.


२६ ऑक्टो., शनि.

लिमये सरांकडे. काकूंनी पोहे दिले. क्लेम फॉर्म पिशवीतून काढायला मला पोहे संपेपर्यंत जमले नाही.

सर रागावले आधी. "मला न विचारता माझ्या नावावर रिन्यू केलीत? पोतदारनं मला फोनसुद्धा केला नाही! उद्या कोणी म्हातारीला उडवलं असतं तर? कोर्टात मी?"

मी उभा राहिलो. चुकले म्हणालो. सगळे सांगितले. दीडशेचेही. पहिल्यांदा कोणाला सांगितले.

सर खिडकीकडे बघत बसले. मग विचारले, "गाडीला फार लागलंय?" मी सांगितले कुठे कुठे. रेडिएटरला 'अरेरे' म्हणाले, माणसाला म्हणतात तसे.

काकू आतून म्हणाल्या, "करा हो सही. त्या बाईला टाके पडलेत." सर म्हणाले, "टाक्यांचा आणि सहीचा काय संबंध?" काकू: "नाही कसा?"

सरांनी फॉर्म घेतला. नाव, पत्ता, पॉलिसी नंबर, लायसन दाजींचे, वेळ, ठिकाण. सगळे स्वतःच्या हाताने भरले. सुंदर, ड्रॉइंग टीचरचे अक्षर. एका रकान्याशी थांबले. अपघाताच्या वेळी गाडी कोणाच्या ताब्यात होती व ती व्यक्ती विमाधारकाची कोण.

'श्री. तानाजी' एवढे लिहिले. पुढचे नाही. खाली सही केली.

"कोण ते तू लिही."

"मी काय लिहू, सर?"

"ते मला विचारू नकोस. आरटीओला विचारलं तर गाडी माझी. तुझ्या पावतीला विचारलं तर त्यांची. मी सही केली आहे, तू जे लिहिशील त्याला ती लागू." मग फाइल काढून पावतीची आपली प्रत दाखवली. "ही आहे माझ्याकडे. पोतदार म्हणतो फाडा. मी चाळीस वर्षं मुलांचे कागद तपासलेत. असा कागद माझ्याच्यानं फाडवत नाही. तुझं तू बघ."

जिन्यात काकूंनी पिशवीत चार लाडू घातले. अक्कासाठी.


२८ ऑक्टो., सोम.

सकाळी अक्काचे टाके काढून आणले. येताना एसटीत तिला सांगितले. दीडशे, १७ नंबरचा फॉर्म, पाकीट, पोस्टाची रांग. खिडकीबाहेर बघत सांगितले.

शेजारून हुंदक्यासारखे ऐकू आले. मला वाटले रडतेय. बघितले तर कपाळाला हात लावून हसू दाबत होती, जखम ताणते म्हणून.

"याड्या. ते पैसं तुज्या दाजींनीच तुला द्याया लावलं."

"काय?"

"फोन केला न्हाई का त्यांनी पोतदाराला? कमिशन परत द्यायचं म्हनला त्यो. तर ह्ये म्हनलं, माज्या मेव्हन्याच्या हातात द्या, माजं नाव काढू नगा. त्येला परीक्षेचा फारम भरायचाय, मागायचा न्हाई त्यो, दिलं तर घ्यायचा न्हाई."

"तुला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक नसतंय?"

जे लपवायला पत्र लपवले ते लपलेलेच नव्हते. रांगेत तिसरा होतो. फक्त दोघे पुढे.

उतरताना ती म्हणाली, "पत्राचं मात्र तुजं तूच सांग त्यांना. त्ये मी सांगनार न्हाई."


२९ ऑक्टो., मंगळ.

दाजींना सांगितले. पाकीटच हातात दिले. प्लॅस्टरचा हात मांडीवर, दुसऱ्या हाताने पत्र धरून त्यांनी पुरते वाचले, खालच्या रिकाम्या जागेपर्यंत, जिथे त्यांची सही व्हायची होती.

"दोन तारीख."

"व्हय."

"अक्षर बेस हाय."

मला शिव्या पाहिजे होत्या. थोड्या वेळाने म्हणाले, "पितरपाटाचं मी काढलं. पत्राचं तू केलंस. आता कोन कुनाला बोलनार?" मग फॉर्म मागितला. तो रकाना बघितला. परत दिला.

"फौजेत असताना आमी रपटीत लिवायचो, गाडी गड्ड्यात गेली. का गेली त्ये कुनी इचारत न्हवतं. ह्यांनी बरूबर जाग्यावर इचारलंय."

"काय लिहू, दाजी?"

"तुला शिकवायला फारम भरून दिलाय न्हवं? शिकलेल्या मानसानं लिवावं."

चेष्टा होती की नाही ते मला कळले नाही. अक्कालाही विचारले. ती म्हणाली, दोन्ही.


३१ ऑक्टो., गुरु.

फॉर्म उद्या सांगलीला पोचला पाहिजे. नुकसान बघणाऱ्या कंपनीच्या सर्व्हेअरने शुक्रवारच सांगितलाय. पोतदारांचा शेजाऱ्यांकडे निरोप: 'स्नेही' लिहा, एक शब्द, विषय संपला.

गॅरेजवाला आज येऊन गेला. रेडिएटर काढून ठेवलाय, पुढे हात लावू का म्हणतो. दाजी म्हणाले, शनवारी सांगतो. माझ्याकडे बघितले नाही. बघितले असते तर बरे.

अक्का वळचणीखाली शेंगा फोडत बसलीय. फॉर्मात 'मालक' लिहिले तर गाडी दारात कधी येईल कोण जाणे. 'स्नेही' लिहिले तर दिवाळीआधी येईल. ती विचारत नाही. नुसती शेंगा फोडते.

पाकीट जवळ आहे. आतल्या पत्रावर दाजींनी आज सही केली, मी न सांगता. आजची तारीख घालून. दोन तारखेच्या पत्राखाली एकतीस.

संध्याकाळचा उजेड असेतो दारात बसून फॉर्म पाटावर ठेवला. त्या दहा रुपयांतली पट्टी काढली. 'श्री. तानाजी'च्या पुढे सव्वादोन इंच मोकळे आहेत. शिसपेन्सिलीने, न टेकवता, आधी एक शब्द मोजला, मग दुसरा.

दोन्ही मावतात.

सकाळची पॅसेंजर वेळेवर असते.